मिनाबेच्या पुढचं स्टेशन

पहिला दिवस : तेन्नोजी ते ताकाहारा

ओसाकाहून सुटणारी कुरोशियो एक्सप्रेस किई द्वीपकल्पाच्या कडेकडेने दक्षिणेला जाते. वाकायामा मागे पडलं की उजव्या खिडकीतून समुद्र दिसायला लागतो. या गाडीने मी सहा वर्षांत किती वेळा गेले याचा हिशोब नाही, पण दर वेळी मिनाबेला उतरले. मिनाबे त्याचं गाव. गाडी तिथून पुढे जाते हे मला फलाटावरच्या पाटीवरून माहीत होतं, तेवढंच.

आम्हाला वेगळं होऊन सप्टेंबरात वर्ष झालं. नोव्हेंबरात चार दिवसांची रजा मिळाली, तेव्हा कुठे जायचं ते ठरवायला फार वेळ लागला नाही. मिनाबेच्या पुढे. कुमानो कोदो म्हणजे कुमानोच्या देवस्थानांकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटा. त्यातली नाकाहेची नावाची वाट किई-तानाबेहून डोंगरात शिरते. हजार वर्षांपासून लोक ती चालताहेत. एके काळी गर्दी इतकी, की 'मुंग्यांची कुमानो-यात्रा' असा शब्दप्रयोगच जपानीत रुळला. पुण्यात जपानी शिकत असताना तो पहिल्यांदा ऐकला आणि मला फलटणला आमच्या दारावरून जाणारी माउलींची पालखी आठवली होती. ती गोष्ट मी त्याला पहिल्या भेटीत सांगितली होती. तो म्हणाला होता, आपण जाऊ एकदा. सहा वर्षांत ते राहूनच गेलं.

मिनाबे जवळ आलं तशी मी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसले. डोंगरउतारावर उमेच्या बागा दिसायला लागल्या. उमे हे जर्दाळूच्या जातीचं आंबट फळ, आणि मिनाबे-तानाबे हा त्याचा मुलूख. इथली जमीन उताराची, खडकाळ, भाताला नालायक. म्हणून चारशे वर्षांपूर्वी लोकांनी उमे लावली आणि डोंगरमाथ्यावरचं जंगल मात्र राखलं. त्या जंगलातल्या मधमाश्या फेब्रुवारीत खाली उतरून उमेचा मोहोर फळवतात. २०१५ साली या सगळ्या व्यवस्थेला जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता मिळाली. मला हे कुठल्या माहितीपत्रकातून कळलं नाही. त्याच्या आईने, ओकासानने, बागेत उभं राहून हाताने डोंगर दाखवत सांगितलं होतं.

गाडी थांबली. दारं उघडली. एक आजीबाई पिशव्या सावरत उतरल्या. थंड हवेचा झोत पायाशी आला, दारं मिटली आणि गाडी हलली. पुढच्या दहा मिनिटांत खिडकीबाहेर जे काही दिसलं, ते सगळं मला नवीन होतं.

तानाबेहून ताकिजिरीपर्यंत बसने चाळीस मिनिटं. तिथे ओढ्याकाठी ताकिजिरी-ओजी हे छोटं देऊळ आहे. कुमानोच्या पवित्र डोंगरांची वेस इथे लागते असं मानतात. देवळामागून जी चढण सुरू होते ती थेट छातीवरच येते. मुळांच्या पायऱ्या, ओले दगड, वर देवदारासारखे सरळसोट सुगी वृक्ष. थोडं वर दोन शिळांमधली अरुंद कपार लागते, तिचं नाव 'गर्भातून जाणं'. सॅक काढून पुढे ढकलावी लागते आणि आपण कोपरांवर सरपटत जातो. बाहेर आले तेव्हा कोपर सोललं होतं आणि केसांत माती होती. अंगातून मोठा श्वास आपोआप सुटला.

वाटेवर दर पाचशे मीटरला क्रमांकाचा खांब आहे. ताकाहाराला पोचेपर्यंत चारच्या सुमाराची उन्हं गेली होती. या गावाला धुक्याचं गाव म्हणतात. घरगुती खानावळीच्या मालकीणबाईंनी दार उघडलं आणि विचारलं, "एकट्याच आलात?" गेलं वर्षभर या प्रश्नाला मी काहीतरी शेपूट जोडत आले आहे, की मैत्रीण येणार होती, की कामासाठी आले होते. आज म्हटलं, "हो, एकटीच." त्या म्हणाल्या, "मग आधी अंघोळ करून घ्या, पाणी गरम आहे."

दुसरा दिवस : ताकाहारा ते चिकात्सुयु

आज चाल थोडीच, दहाएक किलोमीटर. सकाळी खाली दरीत धुकं भरलं होतं आणि आम्ही त्याच्या वर.

सॅकच्या वरच्या कप्प्यात एका डबीत सहा उमेबोशी आहेत. मिठात मुरवून वाळवलेली उमे. घरच्या बरणीवर ओकासानच्या हाताने '२०१९' लिहिलेलं आहे. त्या जूनमध्ये मी आठवडाभर बागेत होते. पिकलेली उमे तोडत नाहीत. झाडाखाली निळी जाळी अंथरतात आणि फळ आपण होऊन पडतं. रोज पहाटे वेचायचं. मग धुऊन, देठाचा काळा ठिपका बांबूच्या काडीने काढायचा. त्यात मी फार हळू होते. ओकासान काही बोलायच्या नाहीत, स्वतःची पाटी संपली की माझ्यातली अर्धी उमे आपल्याकडे ओढून घ्यायच्या. मीठ फळाच्या वजनाच्या अठरा टक्के, वर दगड. दोन-चार दिवसांत पाणी सुटून फळं बुडतात. जुलैच्या अखेरीस, कडक उन्हात तीन दिवस सुपांवर वाळवायची. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे आई कैऱ्यांचं असंच करते आणि त्याला 'मुरणं' म्हणतात. त्यांनी तो शब्द दोन-तीनदा उच्चारून पाहिला. मुरणं. "र" त्यांना नीट जमला.

मी ओसाकाला २०१४ मध्ये आले, भाषांतराच्या नोकरीवर. त्याची माझी ओळख ऑफिसातली. जपानमध्ये प्रेम सुरू होताना ते स्पष्ट बोलून दाखवायची पद्धत आहे. त्याने एका संध्याकाळी योदो नदीच्या काठावर उभं राहून सांगितलं, "सुकी देस. त्सुकियात्ते कुदासाई." सुकी म्हणजे आवडतेस. जपानी माणसं 'प्रेम' हा शब्द सहसा तोंडावर आणत नाहीत, 'आवडतेस' म्हणतात. आपणही तेच म्हणतो. त्या क्षणी मला परकं काही वाटलंच नाही, ते याच शब्दामुळे. आणि त्सुकियाउ म्हणजे सोबत जाणं, साथ देणं. दुकानापर्यंत सोबत येतेस का असं विचारतानाही तेच क्रियापद.

हाशिओरीच्या घाटात दुपारचं जेवायला बसले ते ठरवूनच. इथे झाडाखाली ग्यूबा दोजी नावाची गुडघ्याएवढी दगडी मूर्ती आहे : बालकासारखा चेहरा, एक पाय बैलावर आणि एक घोड्यावर. ती सम्राट काझानची मानतात. काझान ९८४ साली, पोरवयात गादीवर आला. पुढच्या वर्षी त्याची लाडकी राणी गरोदरपणात गेली आणि त्याचं कशातच मन लागेना. दरबारातल्या फुजिवारा घराण्याला आपला नातू गादीवर हवा होता. त्यांच्यातला एक तरुण त्याला म्हणाला, संन्यास घ्या, मीही तुमच्यासोबत घेतो. ९८६ च्या एका रात्री दोघे राजवाड्यातून निघाले. मठात काझानचे केस उतरले. मग तो तरुण म्हणाला, वडिलांना एकदा माझा हा चेहरा दाखवून येतो. तो परत आला नाही.

सोबत येतो म्हणणारा.

मग काझान कुमानोला निघाला. या घाटात जेवायला बसला तर काड्या नव्हत्या, म्हणून सोबत्याने बोरू मोडून दिले. हाशिओरी म्हणजे काड्या मोडणं. मोडलेल्या बोरूतून तांबडा थेंब ओघळला आणि काझानने विचारलं, "हे रक्त की दव?" चि का त्सुयु का. खालच्या गावाचं नाव त्यावरून पडलं. आख्यायिका आहे. पण ज्याचं नुकतंच कोणी गेलं आहे अशा माणसाला जेवताना गवताच्या रसातही रक्त दिसतं, हे मला पटतं. त्या सप्टेंबरात मलाही तसंच दिसत होतं.

काझानची गोष्ट बहुतेक लोक इथे थांबवतात. ती पुढे आहे. तो संन्यासी झाला, डोंगर हिंडला आणि नंतर क्योतोला परतला. कविता केल्या, परत प्रेमातही पडला. ९९६ साली तो एका घरी रात्री जात असे. आपल्याच प्रेयसीकडे हा येतो, असं वाटून एका सरदाराने त्याच्यावर बाण सोडवला आणि तो बाही भेदून गेला. राणीसाठी राज्य सोडलेल्या माणसाने असं वागावं, याचा काहींना राग येतो. मला मात्र हे वाचून फार बरं वाटलं होतं. तो जिवंत राहिला होता.

ओनिगिरीतली, म्हणजे भाताच्या मुटक्यातली, उमेबोशी २०१९ ची, म्हणजे आता चांगली मुरलेली. मिठाचा पहिला तडाखा बसला, जबडे आवळले, डोळ्यांत पाणी आलं. मग मागून गोडसर चव आली, जी पहिल्या वर्षी नव्हती. आठोळी मी फोडली नाही, कागदात गुंडाळून ठेवली. एकदा लहानपणच्या सवयीने मी ती दगडाने फोडायला घेतली होती, तेव्हा ओकासानने हात धरला होता. आत तेन्जिन झोपलेले असतात, असं म्हणतात. तेन्जिन म्हणजे विद्येचा देव झालेला पंडित मिचिझाने. ९०१ साली त्याला क्योतोहून हद्दपार केलं आणि दोन वर्षांनी तो परमुलखातच गेला. घरच्या अंगणातल्या उमेवर त्याचा फार जीव होता.

तिसरा दिवस : चिकात्सुयु ते युनोमिने

आजचा पल्ला पंचवीस किलोमीटरचा. साडेसहाला निघाले. त्सुगिझाकुरा-ओजीपाशी प्रचंड जुने सुगी वृक्ष आहेत, त्यांच्या फांद्या सगळ्या दक्षिणेला, नाचीच्या देवस्थानाच्या दिशेने वळलेल्या. शंभर वर्षांपूर्वी सरकारने लहान देवळं मोडून एकत्र करायचा हुकूम काढला आणि देवराया तोडल्या जाऊ लागल्या. तानाबेचे निसर्गशास्त्रज्ञ मिनाकाता कुमागुसू त्याविरुद्ध लढले, म्हणून ही झाडं उरली. एका खोडाला हात लावला, पण तोंड फिरवून लगेच चालू लागले. उन्हाळा संपल्यावर इथे चारनंतर अंधार दाटतो.

पुढे एका ठिकाणी जुनी वाट बंद आहे. २०११ च्या वादळात दरड कोसळली, तेव्हापासून वळसा घालून जावं लागतं. वाट दुभंगते तिथे उभी राहून पाणी प्यायले आणि नको ते आठवलं.

तेन्नोजीजवळच्या एका खानावळीत तो म्हणाला होता, "वाकारेयो." वेगळे होऊ या. बागेचं काम वडिलांना झेपत नव्हतं आणि त्याला मिनाबेला परतायचं होतं. मी येते म्हटलं. त्यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, आता तसं वाटत नाही. तो खोटं बोलत नव्हता, एवढंच मी आज त्याच्या बाजूने म्हणू शकते. जपानीत वाकारेरु म्हणजे वेगळं होणं आणि वाकारु म्हणजे समजणं. दोन्ही एकाच धातूतून आले आहेत. गोष्टी वेगवेगळ्या झाल्या की उमगतात, अशी ती कल्पना आहे. दहा वर्षं मी हे शब्द दुसऱ्यांसाठी भाषांतरित केले. त्या रात्री मला काहीही वाकारु झालं नाही.

त्याच्याशी संबंध तुटला हे मी सोसलं. ओकासान तुटल्या, याला नाव काय द्यायचं तेच कळत नव्हतं. होऊ न शकलेल्या सासूबद्दल रडायची सोय ना जपानीत आहे ना मराठीत.

२०२०च्या जुलैत माझी आजी गेली. विमानं बंद होती. त्यातून जपान सोडलं तर परदेशी रहिवाशांना परत आत घेत नव्हते. मी फोनवर अंत्यविधी पाहिला. आठवड्याने मिनाबेला गेले तर ओकासानने माझ्याकडून आधीच मागवून घेतलेला आजीचा फोटो छापून, चौकटीत बसवून घरच्या बुत्सुदानात, म्हणजे बौद्ध देव्हाऱ्यात, त्यांच्या पूर्वजांच्या शेजारी ठेवला होता. समोर उदबत्ती, भाताची वाटी आणि एक उमेबोशी. नऊवारीतली आमची आजी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मिनाबेच्या मोमोता आडनावाच्या, आपल्या कुणीच नसलेल्या माणसांच्या रांगेत बसली होती. तो फोटो अजून तिथे आहे का, हे मला वर्षभर कुणाला विचारता आलेलं नाही.

दुपारनंतर उजव्या टाचेला फोड आला. होश्शिनमोन-ओजीपासून वाट सोपी होते, चहाचे मळे लागतात. फुशिओगामी-ओजीपाशी दूरवर होन्गूचं, म्हणजे कुमानोच्या मुख्य देवळाचं, खोरं पहिल्यांदा दिसतं; यात्रेकरू इथे गुडघे टेकतात. कवयित्री इझुमी शिकिबू इथवर आली आणि नेमकी तिची पाळी आली. एवढ्या लांब येऊन आता दर्शन नाही, म्हणून तिने दुःखाची एक कविता केली. रात्री स्वप्नात कुमानोचा देव येऊन म्हणाला, मी स्वतः धुळीत मिसळणारा देव, मला कसला विटाळ, खुशाल ये. कुमानोने बाई-पुरुष, गरीब-श्रीमंत, आजारी-निरोगी कुणालाच अडवलं नाही, असा याचा लौकिक आहे. देहाला विटाळ म्हणणाऱ्यांना सवाल करणारी आपली सोयराबाई या जागी दोन घटका नक्की बसली असती.

अंधार पडता पडता होन्गू गाठलं आणि देऊळ उद्यावर ठेवून बसने युनोमिनेला आले. ओढ्याच्या दोन्ही काठांना वसलेलं गरम झऱ्यांचं इवलंसं गाव. झऱ्याच्या कुंडात लोक जाळीच्या पिशवीतून अंडी आणि रताळी उकडत होते. ओढ्यातच लाकडी खोपटं आहे, त्यात त्सुबोयु नावाचं दोन माणसांपुरतं दगडी कुंड. नंबर घ्यायचा आणि अर्धा तास आत बसायचं.

याच कुंडाची ओगुरी आणि तेरुते यांची गोष्ट आहे. ओगुरीला सासऱ्याने विष घालून मारलं. यमराजाने त्याला परत पाठवलं, पण कसा, तर हाडांचा सापळा, ना दिसतं ना ऐकू येतं. एका साधूने त्याला ढकलगाडीवर घातलं आणि पाटी लावली : एकदा ओढाल तर हजार भिक्षूंना जेवण घातल्याचं पुण्य. वाटेतले लोक जमेल तेवढं ओढत त्याला कुमानोकडे नेऊ लागले. गाडी आओहाकाला आली. तिथल्या सराईत तेरुते विकली जाऊन पाणी भरत होती. गाडीत आपलाच नवरा आहे हे तिला माहीत नाही. मेलेल्या नवऱ्याच्या नावाने तिने मालकाकडून पाच दिवसांची रजा मिळवली आणि गाडी ओढत ओत्सूपर्यंत नेली. तिथे रजा संपत आली. तिने दोर सोडला आणि ती मागे फिरली. पुढे दुसऱ्यांनी ओढलं. या पाण्यात एकोणपन्नास दिवसांनी ओगुरी पूर्ववत झाला. शेवटी दोघं भेटतात, पण माझं मन तिथवर जात नाही. पाणी गळ्यापर्यंत होतं, टाचेचा फोड चरचरत होता आणि मला सारखा दिसत होता तो ओत्सूचा रस्ता. तळहातांवर दोराचे वळ घेऊन परत निघालेली ती. तिने ओढलेले दिवस वाया गेले असं कोण म्हणेल?

खोलीवर आल्यावर आईचा फोन. "आता ये गं परत. तिथे कोण आहे आता तुझं?" हा प्रश्न ती दर आठवड्याला विचारते आणि तिचं चुकत नाही. मी म्हटलं, "आई, आज पंचवीस किलोमीटर चालले." ती क्षणभर थांबली. "पायाला तेल लाव," म्हणाली.

चौथा दिवस : होन्गू आणि परत

सकाळी डोंगर ओलांडून दोनेक तासांत होन्गूला उतरले. मूळ देऊळ नद्यांच्या संगमावर, ओयुनोहाराच्या वाळवंटात होतं. १८८९ च्या पुरात बरंचसं वाहून गेलं आणि जे उरलं ते वर टेकडीवर नेऊन उभारलं. जुन्या जागी आता देऊळ नाही, नुसतं गवत, झाडं आणि शांतता. तिकडे जाताना भातशेतांमध्ये ३३.९ मीटर उंचीची तोरिई कमान लागते. जिथून देव हलवले त्या जागेलाही इथले लोक वाकून नमस्कार करतात. मीही केला आणि बराच वेळ गवतावर बसून राहिले.

टेकडीवरच्या देवळाच्या आवारात काळ्या रंगाची टपालपेटी आहे, वर कुमानोचा तीन पायांचा कावळा. शेजारी तारायो नावाचं झाड. त्याच्या पानाच्या पाठीवर काडीने ओरखडलं की अक्षरं काळी उमटतात. 'तारा' हा शब्द आपल्या 'ताल' वृक्षाचा. बौद्ध पोथ्या ज्या ताडपत्रांवर लिहीत त्यांची आठवण म्हणून या झाडाला हे नाव मिळालं. इतक्या लांब येऊन राहिलेला शब्द. पुजाऱ्यांच्या खिडकीत पोस्टकार्ड घेतलं आणि त्या झाडाखालच्या कट्ट्यावर लिहायला बसले. त्याला लिहायचं काही नव्हतं, हे पेन हातात धरल्यावर कळलं.

"ओकासान, तब्येत कशी आहे? २०१९ ची बरणी अजून निम्मी आहे. काल-परवा कुमानो कोदो चालले, हाशिओरीच्या घाटात एक उमेबोशी खाल्ली, फार छान मुरली आहे. येत्या जूनमध्ये ओसाकाला दोन किलो उमे मागवून माझ्या मी घालणार आहे. मीठ अठरा टक्केच घेईन. माझ्या आजीचा फोटो अजून तिथे असेल, तर तिथेच राहू द्यावा ही विनंती."

दोनदा वाचलं. एका जोडाक्षरासारख्या कांजीत, म्हणजे चिनी वळणाच्या अक्षरात, रेघ कमी पडली होती ती घातली आणि कार्ड पेटीत टाकलं.

तानाबेपर्यंत बसला दोन तास लागले. स्टेशनावर परतीची कुरोशियो उभीच होती. या वेळी समुद्र डावीकडे होता आणि सूर्य त्याच्यात उतरत होता. बूट काढून पाय पुढे पसरले, डबीतली शेवटची उमेबोशी तोंडात ठेवली. मिनाबेला गाडी थांबली असणार. मला झोप लागली होती. जाग आली तेव्हा खिडकीत दिवे लागलेले होते आणि गाडी वाकायामा सोडत होती.